‘हे आलं कुठून?’ विचारायला शिकवणाऱ्या ग्रंथपाल बाईंना

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

तुमच्या निरोपाच्या दिवशी तुम्ही कुणाला भाषण करू दिलं नाहीत. दहावीची सराव परीक्षा चालू आहे, मुलांचा वेळ नको, म्हणालात, पेढे वाटलेत आणि निघालात. तेव्हा बोलायचं राहिलं ते आज लिहितोय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. अर्धवेळ ग्रंथपालाच्या पदावर राहून, आठवड्याच्या एका ग्रंथालय तासिकेत तुम्ही आमच्या मुलांना मोबाइलवर आलेली माहिती कुठून आली ते तपासायचं जे शिक्षण दिलंत, ते धुळे जिल्ह्यातल्याच नव्हे, कुठल्याही शाळेतल्या शिक्षकाला देता येईल. त्याला संगणक कक्ष लागला नाही, वेगळं अनुदान लागलं नाही. तुमचा एक मोबाइल, फळा आणि कपाटातली पुस्तकं एवढ्यावर ते झालं.

पहिल्या तासाला तर तुम्ही मोबाइल बाहेरच काढला नव्हता. प्रत्येक बाकावर एकेक पुस्तक ठेवलंत आणि मुखपृष्ठ उलटून आतलं पान वाचायला सांगितलंत. लेखक कोण, प्रकाशक कोण, छापलं कुठे, कोणत्या साली, आवृत्ती कितवी, हक्क कुणाकडे. मुलांनी ते वहीत उतरवलं. मग तुम्ही विचारलंत, काल रात्री घरच्या मोबाइलवर जो मेसेज आला त्यात यातलं काय काय होतं? वर्ग शांत झाला. मी मागच्या बाकावर बसलो होतो. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला त्या प्रश्नाचं मोल लगेच कळतं. आपल्या धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासकार वि. का. राजवाडे 1926 साली याच शहरात वारले. बखरींवर विसंबून न राहता अस्सल कागद शोधा, हे सांगण्यात त्यांनी हयात घालवली, गावोगाव फिरून दप्तरं गोळा केली आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड छापले. कागद कुणी लिहिला, केव्हा लिहिला, कुणासाठी लिहिला, हे प्रश्न आम्ही शिवकाळाच्या धड्यापुरते शिकवतो. तुम्ही ते सकाळी सातला येणाऱ्या ‘शुभ सकाळ’च्या खालच्या मेसेजला लावलेत.

‘जन गण मन’ला युनेस्कोनं जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलं, हा मेसेज एका मुलानं मोठ्या अभिमानानं वाचून दाखवला होता. तुम्ही त्याला खोटं ठरवलं नाहीत. त्याचा अभिमान खराच होता, तो तुम्ही जपलात. एवढंच म्हणालात, की युनेस्कोनं ठरवलं असेल तर युनेस्कोच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ते असणार, चला बघू. तिथे तसं काहीच नव्हतं. असा निर्णय आम्ही घेतलेला नाही, हे त्या संस्थेनं पूर्वीच सांगितल्याच्या बातम्या मात्र मिळाल्या. हे सगळं शोधलं त्याच मुलानं, आणि पुढच्या आठवड्यात उपग्रहातून टिपलेल्या ‘दिवाळीच्या भारता’चा फोटो तोच घेऊन आला. तो खरा कसला आहे हे त्यानं घरीच शोधलं होतं. अमेरिकेतल्या नोआ या संस्थेच्या शास्त्रज्ञानं वेगवेगळ्या वर्षांतल्या उपग्रह नोंदी एकत्र करून तो नकाशा केला. त्यातले रंग पणत्यांचे नाहीत. कोणत्या काळात कुठे नवे दिवे आले, ते त्या रंगांवरून कळतं.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांच्या अभ्यासाबद्दल तुम्ही स्टाफरूममध्ये सांगितलंत, त्याचा माझ्या स्वतःच्या शिकवण्यावर फार परिणाम झाला. त्यांनी 10 इतिहासकार, 10 तथ्यपडताळणी करणारे पत्रकार आणि 25 विद्यार्थी यांच्यासमोर काही संकेतस्थळं ठेवली. पीएच.डी. झालेले इतिहासकारही सुबक मांडणी आणि भारदस्त नाव बघून फसले. पत्रकार फसले नाहीत, कारण ते त्या पानावर रेंगाळलेच नाहीत. लगेच दुसरी खिडकी उघडून या संस्थेबद्दल इतर कोण काय म्हणतं ते त्यांनी बघितलं. आपण मुलांना नेहमी सांगतो, नीट लक्ष देऊन वाच. तुम्ही सांगितलंत, की अनोळखी पान नीट वाचण्याआधी त्यातून बाहेर पडा आणि ते कुणाचं आहे ते बघून या. माझ्या मते शाळेत या विषयाची सुरुवात इथूनच व्हायला हवी. अक्षराच्या चुका शोधा, भडक रंग ओळखा असल्या खुणा शिकवण्यात अर्थ नाही, कारण खोटं आता फार नीटनेटकं येतं.

बाई, आपल्या जिल्ह्यात हा विषय पुस्तकी नाही. 1 जुलै 2018, रविवार. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागून पोट भरणारे, ‘मुलं पळवणारी टोळी’ समजून जमावानं ठेचून मारले. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. त्यांच्याजवळ कुणाचंही मूल नव्हतं. मोबाइलवरून पसरलेली अफवा होती. आम्ही शिक्षक त्यावर वर्गात बोलायला कचरत होतो. मुलांच्या नात्यागोत्यातलं कुणी त्यात असलं तर, पोलीस केस चालू आहे, पालक काय म्हणतील, अशी कारणं होती. तुम्ही बोललात. कसं बोललात ते सविस्तर लिहिलं पाहिजे.

मारहाणीचा व्हिडिओ मुलांच्या मोबाइलपर्यंत पोचला होता. तुम्ही तो वर्गात लावला नाहीत, कुणाला लावू दिला नाहीत, आणि ज्यांच्याकडे असेल त्यांनी पुसून टाकावा असं सांगितलंत. त्या पाच जणांच्या घरीही मुलं आहेत आणि त्यांच्या घरीही मोबाइल आहेत, एवढं एकच वाक्य कारण म्हणून दिलंत. त्याऐवजी तुम्ही दुसऱ्या एका व्हिडिओची गोष्ट सांगितलीत. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यात खेळणारं पोर उचलून नेतात, असं दृश्य त्या काळात भारतभर फिरत होतं. मूळ चित्रफीत पाकिस्तानातल्या कराचीची. मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली ती जनजागृतीची जाहिरात. तिच्या शेवटी तेच दोघे परत येतात, मूल सुखरूप सोडतात आणि फलक धरतात, की कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला क्षणभर पुरतो. तो शेवट कुणीतरी कापला. उरलेला भाग आपल्या गावाचा, आपल्या तालुक्याचा म्हणून फिरवला गेला. मुलांनी विचारलं, मग खोटं काय होतं? दृश्य तर खरंच चित्रित केलेलं. तुम्ही फळ्यावर लिहिलंत: कुठलं, कधीचं, पुढे काय होतं. या तिन्हींची उत्तरं कापून टाकली की खऱ्या चित्राचंही हत्यार होतं.

त्याच तासात तुम्ही मेसेजवरचा बाण दाखवलात. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं पुढे पाठवलेल्या मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण आणली आणि भारतात एका वेळी पाच ठिकाणीच पाठवण्याची मर्यादा घालायला घेतली. 2020 च्या एप्रिलपासून दुहेरी बाणाचा, म्हणजे खूप हातांतून आलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. मुलं हा दुहेरी बाण आता घरी दाखवतात.

घरी दाखवतात, पण कसं, हेही तुम्हीच शिकवलंत आणि मला ते सगळ्यांत मोलाचं वाटतं. घरातल्या ग्रुपवर, दहा नातेवाइकांसमोर, आजोबांना ‘हे खोटं आहे’ असं उत्तर टाकायचं नाही. संध्याकाळी जवळ बसायचं, ‘आजोबा, हे कुणी पाठवलं? आपण मिळून बघू या का?’ असं विचारायचं. आजीनं साखरेच्या आजारावरचा काढा काळजीपोटी पाठवलेला असतो. तिची काळजी मानायची आणि गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू द्यायची नाही. मुलांना ज्ञान मिळालं की ती घरात उर्मटपणे वापरतात, ही आम्हा शिक्षकांची नेहमीची तक्रार. या विषयात ती एकाही पालकाकडून आली नाही.

दुसरीकडे, ‘सगळेच पेपर विकले गेलेत, कुणावरच विश्वास ठेवू नका’ असं म्हणणारी मुलंही वर्गात होती. त्यांना तुम्ही तितक्याच ठामपणे अडवलंत. 6 जानेवारीला, बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 मध्ये ‘दर्पण’ सुरू केल्याच्या दिवशी, तुम्ही तीन वर्तमानपत्रं टेबलावर पसरलीत. एकाच अवकाळी पावसाची बातमी तिन्हींत वाचायला लावलीत. कुणी तहसीलदारांचा आकडा दिला, कुणी शेतकऱ्याचं म्हणणं घेतलं, कुणी नुसतं ‘मोठे नुकसान’ लिहिलं. बातमी कुठली, जाहिरात कुठली, बातमीच्या वेषातली जाहिरात कुठली, ते मुलांनी तीन रंगांनी खुणावलं. कशावरच विश्वास न ठेवणारा माणूस आणि सगळ्यावर ठेवणारा माणूस, दोघांनीही तपासायचे कष्ट टाळलेले असतात, हे मुलांना तेव्हा कळलं.

आणि हक्कांचं. विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यावर ‘स्रोत: गूगल’ लिहिलेलं तुम्ही कधी चालू दिलं नाहीत. गूगलनं शोधून दिलं, काढलं कुणी? 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 तुम्ही आम्हा शिक्षकांनाही समजावलंत: वर्गात शिकवताना, शिकताना, प्रश्नपत्रिकेत दुसऱ्याचं साहित्य वापरायला मुभा आहे, पण तोच धडा, तेच चित्र शाळेच्या यूट्यूब वाहिनीवर टाकलं की ते वर्गात राहिलं नाही. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट उतरवता येतात, म्हणून ती कुणाचीच नाहीत असं होत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतरची 60 वर्षं संपली की लेखन सर्वांचं होतं. अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या साने गुरुजींचं लेखन 2011 पासून आपण मोकळेपणानं वापरू शकतो. बहिणाबाईंच्या कविता त्या गेल्यावर, 1952 साली पुस्तकरूपानं आल्या, म्हणून त्यांची 60 वर्षं प्रकाशनापासून मोजली जातात. कुसुमाग्रज 1999 मध्ये गेले, त्यांच्या कवितांना अजून कितीतरी वर्षं परवानगी लागेल.

कवितेचं नाव निघालं म्हणून सांगतो. पु.लं.चं, कुसुमाग्रजांचं म्हणून जे काय काय फिरतं, त्यावर तुमचा नियम ठरलेला: संग्रहाचं नाव आणि पान आणा, मग फलकावर लावू. कितीतरी मुलं ते पान शोधायला म्हणून पहिल्यांदा कपाटापाशी आली आणि पुस्तक घरी घेऊन गेली. ज्या अनाम माणसानं ती ओळ खरंच लिहिली त्याच्यावरही तुमचा जीव होता. बिचाऱ्याचं नाव गेलं आणि मोठ्या नावाला न केलेलं लिखाण चिकटलं, असं म्हणायचात. खोटी बातमी ओळखणं आणि दुसऱ्याचं श्रेय जपणं हे मी दोन विषय समजत होतो. तुमच्या तासाला दोन्हीचा प्रश्न एकच होता, हे आलं कुठून?

नववीतल्या एका मुलीनं लळिंगच्या किल्ल्याचा काढलेला फोटो तुम्ही तिच्याकडून विकिमीडिया कॉमन्स या ऑनलाइन मुक्त चित्रसंग्रहावर चढवून घेतलात. स्वतःचं पूर्ण नाव आणि शाळा न देता टोपणनाव घ्यायला सांगितलंत, पालकांना बोलावून विचारलंत. नाव देऊन कुणीही वापरावा, बदलला तर त्याच अटीवर पुढे द्यावा, असा परवाना तिनं स्वतः वाचून निवडला. पुढे तो फोटो श्रेय न देता एका पानावर लागलेला तिला दिसला. ती चिडली. तुम्ही तिला रागाचं नव्हे, अटी दाखवणारं दोन ओळींचं पत्र लिहायला बसवलंत. दोन दिवसांत श्रेय लागलं. त्या वर्गातल्या एकाही प्रकल्पावर त्यानंतर ‘स्रोत: गूगल’ आलं नाही.

2024 च्या जानेवारीत सचिन तेंडुलकरांचा चेहरा आणि आवाज वापरून केलेली एका गेमिंग ॲपची बनावट चित्रफीत फिरली आणि ती खोटी असल्याचं त्यांनी स्वतः जाहीर केलं, तेव्हा मुलं ओठ हलतात कसे ते निरखत बसली होती. तुम्ही म्हणालात, ओठ पुढच्या वर्षी बरोबर हलतील. सचिनच्या स्वतःच्या खात्यावर काय आहे ते बघा.

यंदा ग्रंथालयाची तासिका वेळापत्रकात माझ्याकडे आली आहे. तुमची नोंदवही कपाटात पहिल्या कप्प्यात आहे, मुलांनी आणलेले मेसेज आणि त्यांचा लागलेला छडा तारखेसह तसाच लिहिला जातोय. आठवीच्या नव्या तुकडीत मुलाखतीचा आवाज बदलून केलेल्या फितींबद्दल फार प्रश्न येतात, त्यावर तुम्ही काय केलं असतं ते मला विचारायचं आहे. जुलैच्या पहिल्या शनिवारी सकाळची शाळा आहे. मुख्याध्यापकांची परवानगी काढली आहे, तुम्हाला आणायला मी मोटारसायकल घेऊन येईन. मुलांनी तुमच्यासाठी काढलेल्या प्रश्नांची यादी सोबत जोडली आहे.

मनापासून आभार, बाई.

आपला,
इतिहासाचा शिक्षक आणि तुमच्या तासाला मागच्या बाकावर बसणारा विद्यार्थी