आप्पास पत्र : पैसा कुठे गेला, ते सांगणारा कर

पुणे,
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय आप्पा,

सप्रेम नमस्कार.

वाकडेवाडीच्या स्टँडवर तुझी नाशिकची गाडी लागली आणि कार्बन करावरचं, म्हणजे धुरातल्या कार्बन डायऑक्साइडवर कर लावावा की नाही यावरचं, आपलं भांडण अर्ध्यावरच राहिलं. खिडकीतून तू म्हणालास, "मास्तर, कर म्हणजे कर. कार्बनचा म्हणा नाहीतर आणखी कशाचा, जातो तो आमच्याच खिशातून." गाडी हलली. मी सहकारनगरला घरी पोचेपर्यंत तेच वाक्य डोक्यात घोळत होतं. उत्तर फोनवर देता आलं असतं, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि हे मला पुरं बोलायचंय.

आधी तुझं जे बरोबर आहे ते मान्य करतो. अमेरिकेत माणशी वर्षाला साधारण १४ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आपल्याकडे २ टनांच्या आसपास. हवेत आधीच साठलेल्या वायूतला मोठा वाटा त्यांचा. मग पहिला भुर्दंड अंबड एमआयडीसीतल्या नटबोल्ट करणाऱ्याने का भरायचा? या प्रश्नाला माझ्याकडे तोड नाही. आणि युरोपातल्या गिऱ्हाईकाने पाठवलेली ती एक्सेलची शीट तू मला मोबाइलवर दाखवलीस, तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पाहिलंय. चाळीस माणसांचा कारखाना, त्यात हिशोबाला एक पोरगा, आणि त्याने टनामागे किती कार्बन निघाला ते दशांशात लिहायचं.

पण त्या शीटमुळेच मला वाटतं, की तू चुकीच्या दाराशी उभा राहून भांडतोयस.

युरोपने १ जानेवारीपासून जे लागू केलंय ती बाहेरून येणाऱ्या मालावर, त्यातल्या कार्बनच्या हिशोबाने, वेशीवर घ्यायची जकात आहे. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत, हायड्रोजन, वीज, एवढ्यावर. पोलादात नटबोल्टही धरलेत. त्या कार्बनच्या हिशोबाने प्रमाणपत्रं तुझ्या गिऱ्हाईकाने विकत घ्यायची, तीच जकात. या वर्षीच्या मालासाठीच्या प्रमाणपत्रांची विक्री २०२७ च्या फेब्रुवारीत सुरू होईल. सुरुवातीला बोजा थोडा, मग वाढत वाढत २०३४ पर्यंत पुरता. तू आकडा दिला नाहीस तर ते आपल्या मनाने धरतात, आणि तो चढाच धरतात. म्हणून ती शीट कंटाळा न करता भरायची. त्यातही तुझ्या हेडिंग मशीनचा नि हीट ट्रीटमेंटच्या भट्टीचा वाटा लहान असणार. खरं ओझं तू विकत घेतोस त्या वायर रॉडमध्ये, बोल्ट घडवायच्या पोलादी तारेत, आहे. आपल्याकडे एक टन पोलाद करताना साधारण अडीच टन कार्बन डायऑक्साइड निघतो. जगाची सरासरी दोनच्या आसपास आहे.

आता मला जे सांगायचंय ते ऐक. त्या जकातीत एक सवलत आहे. माल जिथे बनला त्या देशात कार्बनची किंमत आधीच भरली असेल, तर तेवढी वजा होते. म्हणजे तुझ्या बोल्टवर कर लागायचा की नाही, हा प्रश्नच आता उरलेला नाही. तो लागणारच. प्रश्न एवढाच, की तो पैसा ब्रसेल्सच्या तिजोरीत जाणार की इथे राहणार. इथे राहिला तर तुझ्या भट्टीला गॅसऐवजी वीज घ्यायला उपयोगी पडू शकतो. तिकडे गेला तर गेलाच.

तू यावर काय म्हणशील ते मला माहीत आहे. "इथे राहिला तरी गेलाच." आप्पा, या एका वाक्यात तू माझ्या तीस वर्षांच्या शिकवण्यापेक्षा जास्त अर्थशास्त्र बोलतोस. हे पत्र खरं म्हणजे त्याबद्दलच आहे.

मी वर्गात पिगू नावाचा इंग्रज अर्थशास्त्रज्ञ शिकवायचो. १९२० साली त्याने मांडलं की कारखान्याच्या धुराने जे नुकसान होतं ते कारखान्याच्या वहीत येत नाही, दुसऱ्याच्या घरात येतं. म्हणून धुरावर कर लावा, म्हणजे ते वहीत येईल. मुलांना ते पुस्तकी वाटायचं. मग मी त्यांना उरुळी आणि फुरसुंगी या शेजारच्या गावांची गोष्ट सांगायचो. पुणं वर्षानुवर्षं आपला कचरा तिथे टाकत राहिलं, आणि विहिरी नासल्या त्या तिथल्या लोकांच्या. कचरा करणाऱ्याला दमडी पडली नाही. हे सांगितलं की हडपसरकडून येणारी मुलं मान वर करून बघायची.

कराचं तत्त्व तेवढंच आहे, आणि त्यात मला आजही चूक दिसत नाही. गोची पुढे आहे, गोळा झालेल्या पैशात.

आपल्याकडे कार्बन कर कधी नव्हता असं तू म्हणालास. होता, आप्पा. त्याला ते नाव नव्हतं. २०१० साली कोळशावर टनाला ५० रुपये उपकर बसला. २०१४ ला १००, पुढच्या वर्षी २००, आणि २०१६ ला ४००. स्वच्छ ऊर्जेसाठी वेगळा निधी काढला. २०१७-१८ पर्यंत सुमारे ८६ हजार कोटी जमले, पण त्या निधीत पोचले ३० हजार कोटींच्या आत, आणि प्रकल्पांवर खर्च झाले ते त्याच्याही साधारण निम्मे. मग जीएसटी आला आणि तेच ४०० रुपये राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळले. गेल्या सप्टेंबरात तो उपकर गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. वरवर पाहता कर वाढला असं वाटतं. पण आधीचा कर वजनावर होता, आताचा किमतीवर आहे. हलक्या प्रतीचा, राखेचा कोळसा स्वस्त, म्हणून त्याच्यावर कमी पडतो, चांगल्यावर जास्त. धुराचा हिशोब त्यातून गेलाच. तू, मी, तुझा वीजबिल भरणारा पोरगा, सगळ्यांनी पंधरा वर्षं हा कर विजेतून भरला आणि कुणाला पत्ता नाही. विरोध झाला नाही, कारण दिसला नाही. आणि दिसला नाही म्हणून कुणी हिशोबही मागितला नाही.

आता मी तुला माझ्या घरची गोष्ट सांगतो. होस्टेलवर असताना अर्धी सांगितली होती.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आमचं गाव माण तालुक्यात, म्हणजे पाऊस बऱ्या वर्षीही मोजकाच. त्या वर्षी आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. मी धाकट्या बहिणीला घेऊन बाजूला बसायचो, कारण तिथे सुकडी मिळायची. सुकडीची ती गोडसर, पिठूळ चव मला आजही जिभेवर आठवते. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर अशा कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. मोठा झाल्यावर ते वाचलं, तेव्हा त्या ५० लाखांत मी आईला शोधत राहिलो.

पुढे ते काम कायद्याने हक्काचं झालं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती कल्पना लावून धरली, १९७७ साली कायदा झाला आणि १९७९ पासून अमलात आला. पण पैसा कुठून आणायचा? त्यासाठी कायद्याच्या आधीच, १९७५ साली, व्यवसाय कर बसवला होता. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून दर महिन्याला थोडे कापायचे आणि गावातल्या बिनकामाच्या हाताला काम द्यायचं. जेवढं गोळा होईल तेवढीच भर सरकारने घालायची. १९८६ साली माझा पहिला पगार झाला. मी हेडक्लार्कना विचारलं, ही कसली कपात? ते मान वर न करता म्हणाले, "रोजगार हमीची. गावाकडं जाते." मी स्लिप घडी करून खिशात ठेवली. पुढे कितीतरी वेगवेगळे कर भरले, पण भरताना बरं वाटलं असा तेवढा एकच.

आज महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापतात. तो कशासाठी बसला होता हे आमच्या स्टाफरूममधल्या तरुण मंडळींना ठाऊक नव्हतं. मला ते लागलं. पण एवढं नक्की, की याच महाराष्ट्रात, याच नोकरदार माणसांनी एक नवा कर निमूट स्वीकारला, कारण तो कुणाच्या ताटात जातो हे त्यांना सांगितलं गेलं होतं.

परदेशातल्या ज्या गोष्टी तू असे कर टिकत नाहीत याचा पुरावा म्हणून काढल्यास, त्या मला याच बाजूने दिसतात. फ्रान्समध्ये २०१८ ला डिझेलचा कर पुढच्या जानेवारीपासून आणखी वाढवायचं ठरलं होतं. पिवळी जॅकेटं घालून लोक चौकाचौकांत उतरले ते खेड्यापाड्यातले, ज्यांना गाडीशिवाय कामावर जाता येत नाही. त्याच वर्षापासून श्रीमंतांचा संपत्ती कर काढून फक्त घर-जमिनीवर ठेवला होता. मग कोण ऐकून घेईल? डिसेंबरात वाढ मागे घ्यावी लागली. ऑस्ट्रेलियात २०१२ ला लागलेला कर दोन वर्षांत गेला. कॅनडाचं मला जास्त वाईट वाटतं, कारण त्यांनी पैसे खरोखर परत दिले. तिथल्या संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा हिशोब होता, की इंधनावर प्रत्यक्ष भरलेला कर आणि हातात आलेला परतावा यांचा मेळ घातला तर बहुतेक घरांना जास्तच मिळतं. तरी लोक चिडले. पेट्रोलपंपावरचा आकडा दर आठवड्याला दिसायचा. परतावा आधी आयकरात वळता व्हायचा, नंतर दर तीन महिन्यांनी बँकेत जमा व्हायचा. २०२५ च्या एप्रिलपासून ग्राहकांवरचा तो कर शून्यावर आणला. स्वीडनचा मात्र १९९१ पासून टिकून आहे, जगातल्या सर्वांत चढ्या दरांपैकी एक. तिथे तो आणताना आयकर कमी केला, आणि कारखान्यांना कितीतरी वर्षं कमी दर ठेवला. तुझ्यासारख्यांना एका रात्रीत गाडलं नाही. १९९० पासून त्यांचं उत्सर्जन एक तृतीयांशाने तरी उतरलंय आणि अर्थव्यवस्था वाढत राहिली आहे.

काल रात्री मी कागद घेऊन बसलो. टनाला १००० रुपये कर धरला. एक लिटर पेट्रोल जाळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे लिटरला २ रुपये ३० पैसे. विजेच्या युनिटला साधारण ७० पैसे. सिलिंडरला ४२ रुपये. माझ्या घरी महिन्याला ४० लिटर पेट्रोल, २५० युनिट, एक सिलिंडर. झाले ३०९ रुपये. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी जनता वसाहतीत राहतात. त्यांना विचारून लिहिलं : ६० युनिट, दोन महिन्यांना एक सिलिंडर, गाडी नाही. ६३ रुपये. दोघांचे मिळून ३७२. ते एकत्र करून सारखे वाटले तर प्रत्येकी १८६. मावशींना १२३ रुपये वर मिळतात, मी तेवढेच जास्त भरतो. मला ते न्याय्य वाटतं, अगदी मनापासून.

आणि महागाईचं म्हणालास ना, "कांदा पेटेल"? तुझ्याच जिल्ह्यातला कांदा घेऊ. लासलगावहून १० टनांचा ट्रक पुण्याच्या गुलटेकडी बाजारात येईपर्यंत ५० लिटर डिझेल खाईल असं धरलं, तर कार्बन १३५ किलो, कर १३५ रुपये. किलोमागे दीड पैशाच्याही आत. उलट गेल्या जूनमध्ये पीएमपी बसचं किमान तिकीट ५ चं १० झालं तेव्हा मावशींच्या घराचं गणित खरं कोलमडलं, आणि त्यातलं त्यांच्याकडे काहीही परत आलं नाही.

वसुलीची तुझी धास्ती मला समजते. जकात नाक्यावर रात्रभर अडकलेले ट्रक आपण दोघांनी पाहिलेत. २०१३ ला जकातीच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला तेव्हा लक्ष्मी रोडवर उतरलेली शटर्सही पाहिलीत. पण याला नाका लागत नाही. कोळसा खाणीतून किंवा बंदरातून येतो, तेल रिफायनरीतून. तिथेच थोड्या ठिकाणी वसूल झालं की तुझ्या दारात इन्स्पेक्टर येण्याचं कारण नाही.

सरकारने सध्या कराऐवजी बाजाराचा रस्ता धरलाय. मोठ्या उद्योगांना टनामागे उत्सर्जनाची मर्यादा, आणि जो त्याहून खाली राहील त्याने आपली शिल्लक विकायची. ते चालेलही. माझी अडचण एवढीच, की त्यात पैसा एका कारखान्याकडून दुसऱ्या कारखान्याकडे जातो. मावशींच्या दाराशी तो येत नाही आणि तुझ्याही नाही. मला असा कर हवाय, ज्याच्या पावतीवर तो कुणाच्या घरी गेला ते छापलेलं असेल, आणि नाही पोचला तर तुझ्यासारखा माणूस ती पावती घेऊन जिल्हाधिकाऱ्यांच्या दारात बसू शकेल. तू कर नको म्हणून भांडतोस त्याच ताकदीने हिशोब द्या म्हणून भांडशील का? संघटनेच्या बैठकीत तुझा शब्द खाली पडू देत नाहीत, हे मला माहीत आहे.

ती शीट मला मेल कर. पुढच्या आठवड्यात मी तुझ्या पोराबरोबर फोनवर बसून एकेक रकाना भरतो. त्याआधी वायर रॉडच्या डीलरला एवढं विचारून ठेव, की माल कुठल्या भट्टीचा आहे, कोळशाच्या ब्लास्ट फर्नेसचा की भंगार वितळवणाऱ्या विजेच्या भट्टीचा. लॉटप्रमाणे सर्टिफिकेट मागून घे. सगळा आकडा तिथेच फिरणार आहे.

वहिनींच्या गुडघ्याचं काय झालं? त्यांना नमस्कार सांग, आणि त्यांनी पाठवलेली द्राक्षं मावशींच्या नातवाला फार आवडली हेही.

तुझा,
मास्तर