त्या विणकरांना यंत्राची भीती नव्हती

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या जॉन स्मेडली या स्वेटर विणणाऱ्या कंपनीवरचा लेख वाचला. ली गावातली ही गिरणी १७८४ पासून त्याच जागी चालू आहे आणि अजूनही मूळ घराण्याच्याच नात्यात आहे, याचं लेखकाला कौतुक वाटतं. मलाही वाटतं. पण त्याच लेखात ‘यंत्रांना घाबरून ती फोडत सुटलेले लडाइट’ असं एक वाक्य टाकून लेखक पुढे निघून गेले. लेस्टरच्या एका होजिअरी कारखान्यात माझी उमेदीची वर्षं लिंकिंगच्या, म्हणजे विणलेले तुकडे टाक्याला टाका जोडायच्या खात्यात गेली. ते वाक्य काही माझ्या घशाखाली उतरलं नाही.

लडाइट म्हणवल्या गेलेल्या नॉटिंगहॅमशायरच्या विणकरांना यंत्राची कसली भीती? मोजे विणायची फ्रेम कॅल्व्हर्टनच्या विल्यम ली या पाद्र्यानं १५८९ मध्ये तयार केली. १८११ मध्ये आर्नल्ड गावात फ्रेमा फुटायला लागल्या, तोवर कित्येक पिढ्या त्याच फ्रेमवर जगत आल्या होत्या. फ्रेम बहुतेक वेळा मालकाची, ती ठेवलेली विणकराच्या घरात, आणि तिचं भाडं मजुरीतून कापलेलं! त्याचा राग होताच. पण खरा संताप होता तो मालावर. काही व्यापाऱ्यांनी रुंद फ्रेमवर नुसतं सपाट कापड विणून घ्यायला सुरुवात केली. ते मोज्याच्या आकारात कात्रीनं कापायचं आणि शिवून विकायचं. विणलेल्या कापडाला कात्री लागली की काठाचे टाके मोकळे होतात, आणि थोड्याच धुण्यांत शिवण उसवते. हा माल स्वस्तात आला आणि चांगल्या मोज्याचं नाव गेलं, भाव गेला, मजुरीही गेली. म्हणून रात्री हातोडे घेऊन निघणारी माणसं दिसेल ती फ्रेम फोडत नव्हती. नीट माल काढणाऱ्या आणि ठरलेली मजुरी देणाऱ्या मालकाच्या फ्रेमांना पुष्कळदा हातही लावला जात नसे. १८१२ मध्ये पार्लमेंटनं फ्रेम फोडणाऱ्याला फाशीची तरतूद केली. लॉर्ड बायरननं वरिष्ठ सभागृहातलं आपलं पहिलंच भाषण त्या विधेयकाविरुद्ध केलं. कायदा व्हायचा तो झालाच.

आता स्मेडलीचा स्वेटर हातात घेऊन बघा. काखेपाशी, शिवणीच्या कडेनं बारीक खुणांची एक ओळ दिसते. तिथे कापड कापलेलं नाही, विणता विणता टाके कमी केले आहेत. बाही वेगळी, पाठ वेगळी, प्रत्येक तुकडा आपल्या आकारातच यंत्रावरून उतरतो आणि त्याला स्वतःचा पक्का काठ असतो. या धंद्यात याला फुली फॅशन्ड म्हणतात. आज कंपनी ज्या गोष्टीचे चांगले पैसे घेते, ती हीच. त्या विणकरांचं मागणं याहून वेगळं काय होतं? आणि हे काम पुढे मोठ्या प्रमाणावर झालं तेही यंत्रावरच. लफबरोच्या विल्यम कॉटननं १८६४ मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रावर असे कित्येक तुकडे शेजारी शेजारी एकाच वेळी विणले जात आणि टाके कमी-जास्त करायचं काम यंत्र स्वतः करी.

जाता जाता एक दुरुस्ती. तीस गेज म्हणजे इंचात तीस सुया, असं लेखात छापलं आहे. कॉटनच्या यंत्रांवर गेज दीड इंचात मोजतात. तेव्हा इंचात वीस. तेवढीही वीण फार बारीक असते, हे डोळे गमावलेल्या कुठल्याही लिंकरला विचारा. गोल तबकडीच्या कडेला टोकं उभी असतात, आणि गळपट्टीचा एकेक टाका एकेका टोकावर चढवायचा. टाका टोकाला नीट लागला की बोटाला कळतं, डोळा नंतर पोचतो. एक जरी चुकला तरी तिथून शिडी सुटते, म्हणजे टाके ओळीनं उसवत जातात. नवी मुलगी आली की पहिले काही महिने रडायची. चांगली लिंकर मिळणं मालकाला मुश्कील होतं, पण म्हणून पगार काही वाढत नसे.

घराण्याच्या गोष्टी मात्र लेखात रंगल्या आहेत, आणि त्या आहेतही तशाच. गिरणी काढणाऱ्या दोघांपैकी पीटर नाइटिंगेल हे फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या वडिलांच्या आईचे मामा. दुसरे पहिले जॉन स्मेडली. त्याच नावाचे पुढच्या पिढीतले जॉन स्मेडली आजारातून पाण्याच्या उपचारांनी बरे झाले आणि त्याच नादानं त्यांनी मॅटलॉकला प्रचंड जलोपचारगृह बांधलं. ती इमारत पुढे काउंटी कौन्सिलचं मुख्यालय झाली. शिवाय टेकडीवर स्वतःसाठी रायबरचा किल्ला उठवला तो वेगळाच. मूल नव्हतं, म्हणून गिरणी नात्यातल्या मार्सडनांकडे गेली आणि त्यांनी मार्सडन-स्मेडली हे आडनाव घेतलं.

पण घराणं होतं म्हणून गिरणी टिकली, हा लेखाचा निष्कर्ष मला पटत नाही. लेस्टरच्या होजिअरीवाल्या कोरांचंही घराणंच होतं. नॅथॅनिएल कोरांनी १८१५ च्या सुमारास सुरू केलेला धंदा ली गावच्या गिरणीच्या कितीतरी पट वाढला. १९२६ मध्ये मार्क्स अँड स्पेन्सरला थेट माल द्यायला सुरुवात झाली आणि त्यांचं सेंट मार्गारेट वर्क्स म्हणजे शहरातलं एक शहरच होतं. १९८९ मध्ये कंपनी बाहेरच्या समूहाकडे गेली, मग तुकडे करून विकली गेली. माझाही कारखाना, त्याहून कितीतरी लहान, पुढे बंदच पडला. थोड्या लोकांना महाग विकता येईल असा माल ली गावानं धरून ठेवला, आणि तो काढणारे हात जवळपासच्या गावांतून त्याला मिळत राहिले. घराण्याच्या वंशवृक्षात हे हात कुठे सापडायचे?

लेखकांचं पुन्हा कधी तिकडे जाणं झालं, तर नॉटिंगहॅमच्या दक्षिणेला रडिंग्टनचं विणकरांचं संग्रहालय त्यांनी जरूर पाहावं. १८२९ मध्ये बांधलेल्या कामाच्या खोल्या, उजेडासाठी ठेवलेल्या लांबच लांब खिडक्या आणि विणकरांची घरं, सगळं एकाच अंगणाभोवती आहे. तिथल्या जुन्या फ्रेमा चालवून दाखवतात. पुरवणीचा पुढचा लेख त्या विणकरांवर आला तर मी तो आनंदानं वाचेन.

आपली,
एक जुनी वाचक, लेस्टर