स्तनातली गाठ आणि जुनी फाईल

संपादक महोदय,

ऑक्टोबरात नागपुरात स्तनाच्या कॅन्सरची शिबिरं होतात. गाठ हाताला लागली की लगेच दाखवा, हे तिथे बायांना सांगतात आणि ते योग्यच आहे. पण ही गाठ कधी कधी दुसऱ्याच अवयवातून आलेली असते, हे मी तिथे कधी ऐकलं नाही.

माझ्या मोठ्या जाऊबाईंना चार वर्षांपूर्वी अंडाशयाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन झालं, केमो झाली, आजार गेला असंच आम्ही धरून चाललो. यंदा उन्हाळ्यात उजव्या स्तनात बोराएवढी गाठ लागली. सोनोग्राफीत ती गोल आणि नीट कडांची दिसली, म्हणून आधी ‘साधी असेल’ म्हणाले. सुईने तुकडा काढला तर कॅन्सर निघाला आणि स्तन काढायची तारीखही मिळाली. तपासणीच्या फॉर्मवर जुन्या आजाराचा रकाना कोराच होता. दवाखान्यात कुणी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. पोटाच्या आजाराचा छातीशी काय संबंध, असं वाटलं!

दुसऱ्या डॉक्टरबाईंनी सगळ्यात आधी तेच विचारलं. जुन्या ऑपरेशनचे मेणाचे ब्लॉक (मेणात जपून ठेवलेले गाठीचे तुकडे) मागवले, दोन्ही नमुन्यांची आयएचसी तपासणी (पेशी मूळ कुठल्या अवयवाच्या ते रंग देऊन ओळखायची) करून ताडून पाहिलं. गाठ अंडाशयातूनच आलेली होती. स्तन काढून मूळ आजार थांबला नसता. औषधंही अंडाशयाच्या कॅन्सरचीच लागणार होती. आता तीच केमो सुरू आहे.

असं क्वचित होतं. स्तनातल्या कॅन्सरच्या गाठींमध्ये शंभरात एखाद-दुसरी अशी असते. लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर), मेलॅनोमा (त्वचेचा कॅन्सर), फुप्फुस, अंडाशय, जठर इथून ती येऊ शकते, पुरुषांत प्रोस्टेटमधूनही. पण नागपुरातलं सरकारी मेडिकल, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याचं कॅन्सर हॉस्पिटल इथे गोंदिया, गडचिरोली, बालाघाटहून येणाऱ्या कितीतरी पेशंटच्या हातात फक्त शेवटची चिठ्ठी असते. जुनी फाईल गावी ट्रंकेत राहते.

म्हणून दवाखान्यांना आणि लॅबना माझी कळकळीची विनंती आहे, ‘पूर्वी कुठला कॅन्सर झाला होता का’ हा रकाना भरल्याशिवाय तुकडा तपासायला घेऊ नका. आणि ज्यांना पूर्वी असा आजार होऊन गेला आहे त्यांनी, डॉक्टर विचारोत न विचारोत, तो पहिल्याच भेटीत सांगावा.

– एक वाचक, मानेवाडा, नागपूर