अंदमानला निघणाऱ्यांसाठी सूचना
मंडळी, ताईच्या धाकटीला पदवी मिळाली, पेढे वाटून झाले. आता तिने वहीत लिहून ठेवलेली अंदमानची सहल!

मूळ आधारकार्ड जवळच ठेवा, बोटीवर चढताना दाखवावं लागतं. बोट लागणाऱ्यांनी आवळासुपारी घ्यावी.

स्वराजद्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला, स्कूबा पहिल्याच दिवशी उरकू. पाण्याखाली गेल्यावर २४ तास विमानात बसायचं नसतं.

हिवाळ्यात तिथे पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो. राधानगर किनाऱ्यावर आजीला पदवीची टोपी घालून फोटो काढायचाय, त्यामुळे चारला पोचायचंच. काका, ‘जरा चहा घेऊन निघू’ चालणार नाही!

सेल्युलर जेलही पाहायचंय. आपण मंगळवारी जाऊ. आणि मावशी, शिंपले-प्रवाळ पर्समध्ये टाकू नकोस, बंदी आहे.