हा मुलगा चित्रपटात राहणार

चि. सायलीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

गणपतीत तू माझ्या लॅपटॉपवर जो माहितीपट ठेवून गेलीस, तो अखेर पाहिला. तीन वेळा पाहिला. पहिल्यांदा सगळा वेळ इंग्रजी पकडण्यातच गेला, कारण तो माणूस घोगऱ्या आवाजात, भरभर बोलतो. दुसऱ्यांदा फक्त फोटो बघितले. तिसऱ्यांदा तुझी आई शेजारी होती आणि मी मध्ये मध्ये थांबवून तिला गोष्ट सांगत होतो. सांगता सांगता लक्षात आलं, हे मला खरं तर तुला सांगायचंय. फोनवर तू ‘बाबा, सगळं ठीक आहे’ म्हणून विषय बदलतेस, म्हणून पत्र.

फोटोंपासून सुरू करतो, तेवढं मला कळतं. ‘द किड स्टेज इन द पिक्चर’ 2002 सालचा. ब्रेट मॉर्गन आणि नॅनेट बर्स्टीन या दिग्दर्शकांनी हॉलिवूडचा निर्माता रॉबर्ट इव्हान्स याचे जुने फोटो घेतले, त्यातला माणूस कडेकडेने कापून वेगळा काढला, मागची रिकामी जागा भरून घेतली आणि दोन्ही वेगवेगळ्या गतीने सरकवले. बघताना वाटतं, मेलेला क्षण श्वास घेतोय. मी चाळीस वर्षं निगेटिव्हवर ब्लेड आणि पेन्सिल चालवली आहे. लोक येऊन सांगायचे, ‘या ग्रुपफोटोतून आमच्या जावयाला काढा.’ मी काढायचो. माणूस निघायचा, पण त्याचा हात कुणाच्या तरी खांद्यावर उरायचा. तो हात झाकण्यात अर्धा दिवस जायचा. हा माहितीपट बघताना मी सारखा तसे उरलेले हात शोधत होतो, कारण यात आवाज एकट्या इव्हान्सचा आहे. गोष्ट त्याची आणि सांगणाराही तोच. सुरुवातीलाच तो म्हणतो की प्रत्येक गोष्टीला तीन बाजू असतात, तुझी, माझी आणि खरी, आणि यात खोटं कुणीच बोलत नसतं. हे मला पटलं.

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या एका दातांच्या डॉक्टरचा हा मुलगा, जन्म 1930 चा. भावाबरोबर बायकांच्या तयार कपड्यांच्या धंद्यात होता. 1956 मध्ये धंद्याच्या कामाने लॉस एंजेलिसला गेला असताना बेव्हर्ली हिल्स हॉटेलच्या तलावाकाठी नॉर्मा शिअररने त्याला पाहिलं. ती मूकपटांच्या काळापासूनची मोठी नटी. तिचे दिवंगत पती आयर्व्हिंग थॅलबर्ग एमजीएम या स्टुडिओचे निर्मितीप्रमुख होते आणि अवघ्या 37 व्या वर्षी गेले. एका चित्रपटात त्यांची भूमिका कुणी करायची, तर याने, असं तिनं ठरवलं. सायली, विचार कर, त्या बाईला एका अनोळखी कापडवाल्यात आपला गेलेला नवरा दिसला, आणि पुढे दहा वर्षांनी तो कापडवाला खरोखरच स्टुडिओ चालवायला बसला.

मधली गोष्ट मात्र मला सगळ्यात जवळची वाटली. हेमिंग्वेच्या कादंबरीवरच्या चित्रपटात त्याला बैलझुंजीतल्या तरुण मॅटाडोरचं काम मिळालं. चित्रीकरण मेक्सिकोत. एव्हा गार्डनर आणि टायरन पॉवरसारखे नामवंत कलाकार त्याच्याबरोबर, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांनी मिळून निर्माता डॅरिल झॅनकला तार केली, की हा मुलगा राहिला तर चित्रपट बुडेल, याला काढा. झॅनक स्वतः आला, त्याने मुलाचं काम पाहिलं आणि कर्णा हातात घेऊन सगळ्यांसमोर सांगितलं की हा मुलगा चित्रपटात राहणार, ज्याला पटत नसेल त्याने निघून जावं. इव्हान्स म्हणतो, त्या क्षणी त्याला कळलं की आपल्याला नट व्हायचं नाही, असं सांगू शकणारा माणूस व्हायचंय.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. गल्फ अँड वेस्टर्न कंपनीने 1966 मध्ये पॅरामाउंट ही चित्रपट कंपनी विकत घेतली आणि स्टुडिओ चालवण्याचा काहीही अनुभव नसलेल्या या माणसाकडे निर्मिती सोपवली. ‘रोझमेरीज बेबी’, ‘लव्ह स्टोरी’, 1972 चा ‘गॉडफादर’, 1974 चा ‘चायनाटाउन’. शेवटच्याला ऑस्करची अकरा नामांकनं होती, मिळालं एकच, पटकथेचं. कंपनीचे संचालक स्टुडिओच बंद करायला निघाले होते, तेव्हा त्याने दिग्दर्शक माइक निकल्सकडून एक छोटी फिल्म करून घेतली. त्यात तो स्वतः कॅमेऱ्यासमोर आहे, येणाऱ्या चित्रपटांबद्दल बोलतोय, आम्हाला थोडा वेळ द्या म्हणतोय. ती मूळ फिल्म माहितीपटात आहे. नट म्हणून तो कधी फारसा मोठा झाला नाही, पण एवढं एक काम त्याने जीव ओतून केलं आणि स्टुडिओ वाचला. मी ते दृश्य पुन्हा मागे नेऊन पाहिलं.

‘गॉडफादर’बद्दल तो सांगतो की दिग्दर्शक कोपोलाने कापून लहान केलेला चित्रपट आपण पुन्हा लांब करायला लावला. कोपोला हे मान्य करत नाहीत. माहितीपटात त्यांची बाजू नाही. हा एक उरलेला हात. अली मॅकग्रॉ या नटीशी त्याचं लग्न झालं, मुलगा झाला, आणि तो ‘गॉडफादर’च्या कामात बुडालेला असताना ती टेक्ससमध्ये चित्रीकरणाला होती. तिथे तिची नट स्टीव्ह मॅक्वीनशी गाठ पडली. आपलं लक्ष नव्हतं हे तो कबूल करतो. त्याची एकूण सात लग्नं झाली, पण चित्रपट या एकाच लग्नापाशी थांबतो.

मग घसरण. 1980 मध्ये कोकेनचा खटला, गुन्हा कबूल. न्यायाधीशांनी तुरुंगाऐवजी व्यसनाविरुद्ध प्रचार करायला सांगितलं, आणि त्याने नामवंतांना गोळा करून टीव्हीवर मोठा कार्यक्रम उभा केला. त्यानंतर ‘द कॉटन क्लब’ हा चित्रपट. त्याच्या भांडवलाच्या खटपटीत आलेल्या रॉय रेडिन नावाच्या माणसाचा 1983 मध्ये खून झाला. इव्हान्सवर आरोप कधीच ठेवला गेला नाही, पण साक्षीला बोलावल्यावर स्वतःला गोवणारं काही न बोलण्याचा हक्क त्याने वापरला. वकील तसंच सांगत असतील. तरी एका माणसाचा जीव गेला होता, आणि माहितीपट तिथून फार लवकर पुढे जातो, असं मला वाटलं. आईलाही वाटलं.

त्यानंतर फोन यायचे बंद झाले. ज्या घरात सगळं हॉलिवूड जेवून जायचं ते ‘वुडलँड’ विकावं लागलं. मानसिक उपचारांच्या रुग्णालयात दाखल झाला आणि तिथून पळून आला. ते घर परत कसं मिळालं, ते आठवतंय ना? जॅक निकल्सन माँटे कार्लोला गेला आणि नव्या मालकाची विनवणी केली, की माझ्या मित्राचं घर त्याला परत द्या. एवढा मोठा नट दुसऱ्याच्या घरासाठी हात जोडायला गेला. लोक याच्या पुनरागमनाबद्दल बोलताना पॅरामाउंटमधली परत मिळालेली ऑफिसची खोली आणि नंतरचे चित्रपट सांगतात. मला विचारशील तर तो परतला, तो त्या विनवणीपासून.

1998 मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला. शरीराची एक बाजू गेली, बोलणं गेलं. तुझ्या आजीला झटका आला तेव्हा तू सातवीत होतीस. तिच्या हातात रबरी चेंडू देऊन ‘आजी, दाब, अजून एकदा’ म्हणत बसायचीस, तिचा पहिला नीट उच्चार ‘सायु’ असा झाला. म्हणून मला ठाऊक आहे की चार वर्षांनी त्याचा तो भरभर आवाज पडद्यावर येण्यामागे किती सकाळी गेल्या असतील. 26 ऑक्टोबर 2019 रोजी तो गेला, 89 वर्षांचा होऊन.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते.

तुझी दोन वर्षांची मालिका बंद झाली आणि नव्या प्रकल्पातून तुझं नाव काढलं, हे मला आतेभावाकडून कळलं. त्याला रागावू नकोस, मी खोदून विचारलं. तिथे कुणी कर्णा हातात घेऊन ‘ही मुलगी राहणार’ म्हणालं नाही. पण सायली, तसं म्हणायची पहिली वेळ माझी होती. तू इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलंस, त्या वर्षी काकांच्या वास्तुशांतीला सगळे जेवायला बसले होते. एकेक जण म्हणत होता, मुलीला परत आणा, हे क्षेत्र आपलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. तूही बघत होतीस. मी वाटीतली खीर ढवळत बसलो. मला तेव्हा भीती वाटत होती, तुझ्यासाठी आणि लोकांसाठीही. तू उठून हात धुवायला गेलीस, आणि त्यानंतर अडचणीचं मला कधी काही सांगितलं नाहीस. तुझ्या जागी मी असतो तरी सांगितलं नसतं.

ते वाक्य आज म्हणतो. परवा काका आले होते, त्यांच्यासमोरही म्हणालो. त्यांनी तुझा विषय काढला तेव्हा सांगितलं, की ती याच कामात राहणार आहे, आणि ज्याला पटत नसेल त्याने आमच्या घरात हा विषय काढू नये. आईने चहा आणला आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

डार्करूमची खोली मी रिकामी केली आहे. एनलार्जर माळ्यावर ठेवला, टेबल पुसून खिडकीखाली लावलं, वायफाय तिथवर पोचतं. लाल दिवा काढला नाही, लहानपणी तू त्याच्या उजेडात फोटो उमटताना बघत उभी राहायचीस. महिनाभर ये, वाटलं तर जास्त. मालिकेचं काय झालं ते तुझ्या बाजूने सांग. मी मध्ये बोलणार नाही. त्या दुसऱ्या लोकांची बाजूही तुला सांगावीशी वाटली तर तीही ऐकेन.

भाड्याची काळजी करू नकोस, या महिन्याचं मी पाठवलं आहे. एसटीत बसलीस की फोन कर, मी स्टँडवर येतो.

तुझा,
बाबा
सातारा