‘गार्बेज कलेक्टर बघून घेईल’

माननीय संपादक,

आपल्या करिअर पुरवणीतल्या जावावरच्या लेखात ‘मेमरीची काळजी भाषाच घेते’ असं वाक्य आहे. ते खरंच आहे, पण मुलं त्याचा भलताच अर्थ लावतात. मुलाखतींत मी हमखास विचारतो: उघडलेलं डेटाबेस कनेक्शन बंद कोण करणार? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं, गार्बेज कलेक्टर, म्हणजे वापरात नसलेली मेमरी आपोआप मोकळी करणारा जावाचा भाग!

त्याला कळते ती फक्त मेमरीची चणचण. ऑपरेटिंग सिस्टिमने प्रोसेसला दिलेला उघड्या फायलींचा कोटा (सॉकेटही त्यातच मोजले जातात) संपत आलाय, हे त्याच्या गावीही नसतं. म्हणूनच मेमरी भरपूर मोकळी असताना ‘टू मेनी ओपन फाइल्स’ म्हणत सर्व्हर आडवा होतो. डेटाबेसच्या बाबतीत तर ही वेळ फारच लवकर येते. हिकारीसीपी ही उघडी कनेक्शन्स साठवून पुन्हा पुन्हा वापरायला देणारी लायब्ररी; तिच्या पूलमध्ये, म्हणजे या साठ्यात, काही बदल केला नाही तर जास्तीत जास्त १० कनेक्शन्स असतात. एरर आली की क्लोजपर्यंत (कनेक्शन परत करणाऱ्या ओळीपर्यंत) न पोचणारा एखादा कोड दहा वेळा चालला, की अकरावी रिक्वेस्ट ३० सेकंद ताटकळते आणि फेल होते. टेस्टिंगमध्ये हे सापडत नाही, कारण तिथे तीच एरर कोणी दहादा आणत नाही.

यावरचा उपाय २०११ पासून, म्हणजे जावा ७ पासून भाषेतच आहे: ट्राय-विथ-रिसोर्सेस. ट्रायच्या कंसात उघडलेलं सगळं, एक्सेप्शन (म्हणजे चालताना उद्भवलेली एरर) आलं तरी, उलट्या क्रमाने आपोआप बंद होतं. जुन्या पद्धतीत फायनलीमधल्या (एरर येवो न येवो, शेवटी चालणाऱ्या भागातल्या) क्लोजनेच एक्सेप्शन फेकलं, तर मूळ एक्सेप्शन गायब व्हायचं आणि रात्री लॉग चाळणारा बिचारा भलतीकडेच शोधत बसायचा. आता मूळ एक्सेप्शन टिकतं आणि क्लोजचं त्याला ‘सप्रेस्ड’ म्हणून जोडलेलं मिळतं.

मात्र ‘स्ट्रीम (डेटा एकेक करून पुरवणारा प्रवाह) बंद करावा लागत नाही’ असं सरसकट सांगणाऱ्यांपासून सावध राहावं. लिस्टवरचा स्ट्रीम सोडून दिला तर चालतं, पण फाइल ओळीओळीने वाचून देणाऱ्या फाइल्स.लाइन्सने दिलेला स्ट्रीम फाइल उघडी धरून बसतो.

एवढं असूनही उमेदवार फायनलाइज या, ऑब्जेक्ट नष्ट होण्याआधी गार्बेज कलेक्शनच्या वेळी चालवल्या जाणाऱ्या मेथडची व्याख्या घडाघडा म्हणून दाखवतात. ती कधी चालेल, मुळात चालेल की नाही, याची हमी कधीच नव्हती. जावा ९ मध्ये ती डेप्रिकेट झाली, म्हणजे ‘वापरू नका’ असा शेरा तिला मिळाला, आणि २०२२ च्या जावा १८ ने तर ती पुढे काढूनच टाकणार असल्याचं जाहीर केलं.

पुरवणीत पुढच्या वेळी फाइल वाचण्याचा नमुना कोड छापाल, तेव्हा तो ट्रायच्या कंसासकट छापावा, ही विनंती. दोन ओळी जास्त गेल्या तरी चालतील.

– एक बॅकएंड प्रोग्रॅमर