फेरतपासणीची तारीख

फोंडा, गोवा

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

गणपतीची चवथ आटोपून तू रात्रीच्या बसने बंगळूरला परतलास आणि दुसऱ्या दिवशी मागे राहिलेल्या तुझ्या पँटच्या खिशात चार घड्यांचा एक कागद सापडला. मशीन लावण्याआधी खिसे तपासण्याचे काम निवृत्तीनंतर माझ्याकडे आलेले आहे. कागद मी वाचला, हे आधीच कबूल करतो. एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तपासणी, ६.१. तू पाच दिवस घरात होतास, गणपतीवर फळांची माटोळी बांधलीस, आईच्या नेवऱ्यांची वाखाणणी केलीस, आणि याविषयी चकार शब्द काढला नाहीस.

मी रागावलेलो नाही. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या अलीकडचा टप्पा आहे आणि तिथून मागे फिरता येते, हे मला ठाऊक आहे. हा आकडा साधारण मागच्या तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगतो, म्हणून पुन्हा तपासायचे ते तीन महिन्यांनी. ती तारीख तू ठरवली आहेस का, एवढेच विचारायचे आहे, आणि ते एकदाच विचारणार आहे.

मधुमेहापायी अण्णांच्या पायाचा अंगठा काढला तेव्हा तू दुसरीत होतास. वहाणेने आलेला फोड त्यांना आठ दिवस जाणवलाच नाही, कारण पायातली संवेदनाच गेलेली होती. जमिनीवर उमटलेला डाग पाहून काकीने विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘कुंकू सांडले असेल.’ त्यानंतर माझा नंबर लागला, २००६ साली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे प्रमाण सर्वांत जास्त गोव्यातच निघाले, २६.४ टक्के, आणि ती बातमी वाचताना मला आकड्याऐवजी आपल्या जेवणाच्या टेबलाभोवतीच्या खुर्च्या दिसल्या.

तुझ्या घड्याळात रोज दहा हजार पावलांचे लक्ष्य लावलेले मी पाहिले. तो आकडा कोणत्या वैद्यकीय अभ्यासातून निघालेला नाही; १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून तो आला. मोठ्या आकड्याचा मोह मलाही झाला होता. निदान झाल्यावर मी कॅनव्हासचे बूट घेतले आणि रोज फर्मागुढीचा चढ चढण्याचा संकल्प केला. एकोणीस दिवस चढलो, मग पाऊस लागला, आणि ते बूट तुझ्या आईने शेवटी माडाला पाणी घालायला वापरले. चुकलेल्या एका दिवसाची लाज वाटून मी पुढचे सगळे दिवस सोडून दिले, यातच माझी खरी चूक होती.

टिकले ते वेगळेच. पाव घेऊन येणाऱ्या पोदेराला दारात यायला मनाई केली आणि सकाळी सहाला पोईचा पाव आणायला स्वतः भट्टीवर जाऊ लागलो. जाऊन येऊन चाळीस मिनिटे, आणि गेलो नाही तर घरात न्याहारी नाही. तीन उंड्यांच्या जागी एक पोई, तीही कोंड्याची. याला आता अकरा वर्षे होतील. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २००९ साली दाखवले की नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात, कोणाला १८ तर कोणाला त्याहून कितीतरी जास्त, आणि मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून फारसे बिघडत नाही. हे मला तेव्हा कळायला हवे होते. तू ‘दहा किलो कमी करीन’ असे काही ठरवू नकोस; रात्री जेवून उठल्यावर लॅपटॉपकडे न जाता पंधरा मिनिटे खाली उतर, कारण चालताना स्नायू रक्तातली साखर तिथल्या तिथे वापरतात. आणि जेवण अकराला नको, नऊला. भात आधी, भाजी नंतर, ही तुझी लहानपणची रीतही उलटी करून पाहा, आणि...

क्षमा कर, फळ्यासमोर उभे राहण्याची सवय सुटत नाही.

तू आलास त्या पहाटे बसमधून उतरल्यावर मला बॅग उचलू दिली नाहीस. मुलगा कर्तासवरता झाला म्हणून मला केवढे बरे वाटले, आणि घराच्या अकरा पायऱ्यांवर तुझी धाप मागून ऐकू आली. याच पायऱ्या तू तीन उड्यांत चढायचास, हातातली पोई कुरतडत, आणि घरात पोचेपर्यंत पिशवीत दोनच उरायच्या. त्या वेळी मी ओरडत असे. आता ती पिशवी जशीच्या तशी घरी येते.

तीन महिने धरले तर तपासणी दिवाळी उलटल्यावर येते. सुट्टीचा वार पाहून ठेव. रिकाम्या पोटी जावे लागत नाही, त्यामुळे ऑफिसला जाता जाताही होईल. एकदाच विचारणार म्हणालो होतो, ते राहिले नाही.

कागद या पाकिटात घातला आहे. आईला मी काही सांगितलेले नाही. ते तू सांग, पण तारीख ठरल्यावर, म्हणजे तिचा पहिला प्रश्न तरी वाचेल.

तुझा,
बाबा